किल्ली माणसाची की कामाची?

कोणत्याही शाळेच्या कार्यालयात तीन वस्तू हमखास सापडतात. पहिली, शिक्षकांच्या सह्यांचे मस्टर. दुसरी, विद्यार्थ्यांची नावे आणि जन्मतारखा असलेले जनरल रजिस्टर. तिसरी, किल्ल्यांचा जुडगा. मस्टर सर्व शिक्षकांना पाहता येते, पण सही मात्र प्रत्येकाने आपल्याच नावासमोर करायची असते. जनरल रजिस्टरमध्ये नवी नोंद लिपिक करतो. पण एकदा झालेली जन्मतारखेची नोंद बदलायची असेल तर मुख्याध्यापकांनाही शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. प्रयोगशाळेची किल्ली प्रयोगशाळा सहायकाकडे असते आणि तो रजेवर गेला, की ती त्याचे काम पाहणाऱ्याकडे जाते.

या नियमांमध्ये कोणाही व्यक्तीचे नाव नसते. 'मुख्याध्यापक', 'लिपिक', 'सहायक' अशी कामांची नावे तेवढी असतात. मुख्याध्यापक निवृत्त झाले, की त्यांच्या जागी आलेल्या व्यक्तीला सहीचा अधिकार आपोआप मिळतो आणि निवृत्त झालेल्याचा आपोआप संपतो. प्रभारी मुख्याध्यापकांना तो प्रभार असेपर्यंतच असतो. आपल्याला हे इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात काही विशेष आहे असे वाटतही नाही.

आज अनेक माणसे मिळून एखादे काम करतात, तेव्हा त्या कामाची वाटणी आणि नोंद ठेवणाऱ्या संगणकप्रणाली वापरल्या जातात. त्यांत कोणते काम कोणाकडे आहे, कुठवर आले आहे, काय अडले आहे, हे सर्वांना दिसते. अशा प्रणालीत पहिल्यांदा नाव नोंदवताना 'व्यवस्थापक', 'सदस्य', 'केवळ वाचक' यांपैकी आपली भूमिका कोणती, हे ठरवावे लागते. भूमिकेप्रमाणे काही बटणे दिसतात, काही दिसतच नाहीत. शाळेने कागदावर केव्हाच सोडवलेला प्रश्न संगणकाने मात्र सुमारे पस्तीस वर्षे चाचपडत सोडवला. त्या चाचपडण्याचा इतिहास मनोरंजक आहे, आणि त्यातला एक धागा आपल्या मुंबईच्या उपनगरांतून, पवई, जुहू आणि अंधेरी येथून जातो.

खिडकीतला पहारेकरी

सुरुवातीच्या संगणकाला अंतर्गत परवान्यांची गरजच नव्हती. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कामाला लागला. १९६४ साली तेथे सीडीसी-३६०० हा मोठा अमेरिकी संगणक आला आणि देशभरातील संशोधक आपली गणिते त्याच्याकडे पाठवू लागले. पवईच्या आयआयटीमध्येही १९६०च्या दशकात मिन्स्क-२ हा सोव्हिएत संगणक बसविण्यात आला.

या काळात काम करण्याची रीत अशी होती. आज्ञावली भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवायची, कार्डांचा गठ्ठा रबरबँडने बांधायचा आणि खिडकीतून चालकाच्या हाती द्यायचा. चालक एकामागून एक गठ्ठे यंत्रात घाली. छापलेले उत्तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीतून परत मिळे. एका वेळी यंत्रात साधारणपणे एकाचेच काम असे आणि काम संपले, की कार्डे ज्याची त्याच्याकडे परत जात. कोणाला आत येऊ द्यायचे आणि कोणाचा गठ्ठा कोणाला द्यायचा, हे चालक ठरवी. परवानगीची सारी व्यवस्था त्या खिडकीपाशी बसलेल्या माणसात होती.

परवलीचा शब्द आला, आणि लगेच फुटला

ही स्थिती बदलली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमआयटीत. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये 'सीटीएसएस' नावाची कालविभाजन प्रणाली चालवून दाखवली. संगणक एका वापरकर्त्याचे काम क्षणभर करी, मग दुसऱ्याचे क्षणभर, मग तिसऱ्याचे. यंत्राचा वेग माणसाच्या मानाने एवढा जास्त, की प्रत्येकाला संगणक केवळ आपल्यासाठीच चालला आहे असे वाटे.

पण आता अनेकांच्या फाइली एकाच यंत्रात कायमच्या राहू लागल्या. एका खोलीत दहा बिऱ्हाडे यावीत तसा हा प्रकार होता. मग प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. पहारेकरी असा खिडकीतून उठून यंत्राच्या आत जाऊन बसला.

तो फार चोख नव्हता. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला यंत्राचा वेळ पुरत नव्हता. त्याने सर्वांचे परवलीचे शब्द असलेली फाइल छापून मिळावी, अशी विनंती कार्डावर पंच करून दिली आणि यंत्राने ती मुकाट्याने छापून दिली! पुढे १९६६ साली तर कोणी काही न करताच घोटाळा झाला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते. एक होती रोज सर्वांना दाखवायच्या सूचनेची आणि दुसरी परवलीच्या शब्दांची. दुरुस्तीची आज्ञावली एका वेळी एकच जण वापरणार असे गृहीत धरून लिहिलेली होती. तिने दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरली आणि अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी प्रणालीत शिरे, त्याच्या पुढ्यात दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द उमटू लागले. कॉर्बातो यांनी पुढे आपल्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हा प्रसंग सांगितला आहे.

या दोन्ही घटनांत एक समान गोष्ट आहे. परवलीचा शब्द 'तू कोण?' एवढेच विचारतो. आत आल्यावर कोणाला काय करता येईल, हा प्रश्न त्याहून वेगळा आणि अधिक अवघड आहे.

तीन आकड्यांचे कुलूप

त्या दुसऱ्या प्रश्नाचे एक सुटसुटीत उत्तर मुंबईतही वापरात आले. १९७०च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सॉफ्टवेअर विकासाचे एक राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील या केंद्रात 'डेकसिस्टम-१०' हा कालविभाजन पद्धतीचा संगणक होता. याच केंद्रातून १९८०च्या दशकाच्या मध्यात राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी ही संस्था निघाली आणि जुहूला गुलमोहर मार्गावर स्थिरावली. डॉ. एस. रमणी तिचे संचालक होते.

डेकसिस्टम-१० वर प्रत्येक वापरकर्त्याला दोन आकड्यांची जोडी मिळे. पहिला आकडा प्रकल्पाचा आणि दुसरा त्या प्रकल्पातील माणसाचा. एकाच प्रकल्पातील सर्वांचा पहिला आकडा सारखा असे. प्रत्येक फाइलवर तीन अंकांचे कुलूप असे. पहिला अंक मालकासाठी, दुसरा त्याच प्रकल्पातील सहकाऱ्यांसाठी आणि तिसरा उरलेल्या जगासाठी. प्रत्येक अंक ० ते ७ पैकी असे आणि अंक जितका मोठा तितकी बंदी अधिक. ० म्हणजे सर्व मुभा, ५ म्हणजे वाचता येईल पण बदलता येणार नाही, ७ म्हणजे काहीच करता येणार नाही. तेव्हा ०५७ असे कुलूप असेल तर त्याचा अर्थ असा: मालकाने हवे ते करावे, सहकाऱ्यांनी वाचावे, इतरांनी हातही लावू नये.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीनेही मालक, गट आणि इतर अशीच तीन वर्तुळे आखली. तेथे अंक उलट्या दिशेने चालतात. वाचण्यासाठी ४, लिहिण्यासाठी २, चालविण्यासाठी १ आणि यांची बेरीज म्हणजे परवाना. ६४० म्हणजे मालकाला वाचणे आणि लिहिणे (४ + २), गटाला फक्त वाचणे, इतरांना काही नाही. आठ अंकांची तीन घरे म्हणजे ८ × ८ × ८ = ५१२ प्रकारची कुलुपे झाली. द्विमान आणि अष्टमान पद्धती शिकवताना हे उदाहरण वर्गात फार उपयोगी पडते. युनिक्सच्या वंशातील प्रणाली आजही हीच पद्धत वापरतात.

पण तीन वर्तुळांत सारे जग बसत नाही. एक माणूस दोन प्रकल्पांत असला तर काय करायचे? एखाद्या सहकाऱ्याला वाचू द्यायचे आणि दुसऱ्याला लिहू द्यायचे असेल तर? आणि माणूस प्रकल्प सोडून गेला, की त्याच्या मालकीच्या शेकडो फाइलींचे काय?

हजार घरांचा तक्ता

१९७१ साली बटलर लॅम्पसन या शास्त्रज्ञाने हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला. एक मोठा तक्ता आखा. उभ्या बाजूला वापरकर्ते, आडव्या बाजूला वस्तू आणि प्रत्येक घरात त्या व्यक्तीला त्या वस्तूचे काय करता येईल ते लिहा. कल्पना इतकी स्वच्छ आहे, की आजही या विषयाची पाठ्यपुस्तके येथूनच सुरू होतात.

१९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या एमआयटीच्या दोघांनी अशा व्यवस्थेची तत्त्वे सांगितली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध तत्त्व असे, की प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच आणि तेवढाच अधिकार असावा. यात कोणावर अविश्वास दाखविण्याचा हेतू नाही. प्रामाणिक माणसाच्या हातूनही चूक होते आणि त्याचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या हाती लागू शकतो. अधिकार मर्यादित असेल तर नुकसानही मर्यादित राहते. दुसऱ्या एका तत्त्वासाठी त्यांनी दोन किल्ल्यांचे उदाहरण घेतले. बँकेतला लॉकर एक किल्ली बँकेची आणि एक आपली, अशा दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही, हे आपण जाणतोच.

तक्त्याची अडचण मात्र व्यवहारात कळते. शाळेचेच उदाहरण घेऊ. ४० शिक्षक-कर्मचारी आणि २५ प्रकारची कामे धरली, तर तक्त्यात ४० × २५ = १००० घरे झाली. एका शिक्षकाची बदली झाली, की २५ घरे तपासून पुसायची आणि नव्याने आलेल्याची २५ घरे भरायची. वर्षाला पाच बदल्या झाल्या तर अडीचशे वेळा हात चालवायचा. त्यात एखादे घर पुसायचे राहून जाणारच, आणि राहिलेले घर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

लष्कराची रीत आणि पेढीची रीत

या काळात संगणक सुरक्षेचा बराचसा विचार अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी चालला होता. १९८३ साली त्या खात्याने प्रसिद्ध केलेल्या निकषांच्या पुस्तकाला त्याच्या वेष्टनावरून 'नारिंगी पुस्तक' असे नाव पडले. त्यात मुख्यतः दोन रीती होत्या. एक, वस्तूचा मालक आपल्या मर्जीने इतरांना परवाना देईल. दुसरी, कागदावर 'गोपनीय', 'अतिगोपनीय' असे शिक्के असतील आणि माणसाला त्या पातळीची मान्यता असेल तरच तो वाचू शकेल.

व्यापाराला यांपैकी काहीच नेमके लागू पडेना. बँकेतला कारकून ज्या खात्यात रक्कम भरतो, त्या खात्याचा तो मालक नसतो. तेथे गुपित फुटण्यापेक्षा खोटी नोंद होण्याची भीती मोठी असते. १९८७ साली डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांनी हाच मुद्दा ठामपणे मांडला. हिशेबाच्या जगात शतकानुशतके चालत आलेली रीत संगणकाने शिकावी, असे त्यांचे म्हणणे होते. ती रीत म्हणजे कामांची विभागणी. जो देयक तयार करतो त्याने ते मंजूर करू नये.

ही रीत आपल्याला परकी नाही. शिवाजी महाराजांच्या गडांचा कारभार कसा चाले, याचे वर्णन सभासदाच्या बखरीत आहे. गडावर एकाच माणसाची सत्ता नसे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस अशा तिघांनी मिळून कारभार करायचा. किल्ल्या हवालदाराकडे, फौज सरनोबताकडे, हिशेब आणि हजेरी सबनिसाकडे. धान्य आणि युद्धसाहित्याच्या कोठारासाठी आणखी कारखानीस. एक माणूस फितूर झाला तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, अशी ती योजना होती. आज संगणकशास्त्र जिला अधिकारांची विभागणी म्हणते, तीच ही.

पवईचा विद्यार्थी

१९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी एक निबंध सादर केला. अधिकार व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावेत आणि व्यक्तीला भूमिका द्यावी, हे त्याचे सार होते. अनेक कंपन्यांच्या प्रणालींत असे काहीबाही आधीपासून होतेच, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी होती आणि 'भूमिका' या शब्दाचा अर्थही प्रत्येकाचा वेगळा होता.

या गोंधळाला गणिती शिस्त लावण्याचे मोठे श्रेय रवी संधू यांना जाते. त्यांनी बी.टेक. पदवी पवईच्या आयआयटीतून आणि एम.टेक. दिल्लीच्या आयआयटीतून मिळवली. पुढे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाची पीएच.डी. घेतली. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यांनी एडवर्ड कॉइन, हॅल फाइनस्टाइन आणि चार्ल्स यूमन यांच्यासह एक लेख प्रसिद्ध केला. त्यात भूमिकांवर आधारित परवान्यांची चार प्रारूपे पायरीपायरीने मांडली होती. ती शाळेच्या भाषेत अशी सांगता येतील.

पाया असा: वापरकर्ते, भूमिका आणि परवाने हे तीन वेगळे संच. वापरकर्ता भूमिकेशी जोडायचा, भूमिका परवान्यांशी. वापरकर्ता आणि परवाना यांची थेट गाठ कधीच घालायची नाही. एका माणसाला अनेक भूमिका असू शकतात, पण कामाला बसताना त्याने लागेल तेवढीच भूमिका अंगावर घ्यावी. मुख्याध्यापक आठवीला गणित शिकवत असतील, तर गुण भरताना ते गणिताचे शिक्षक असतात.

दुसरी पायरी उतरंडीची. पर्यवेक्षकाला शिक्षकाचे सारे परवाने आपोआप असतात, शिवाय आणखी काही. ते पुन्हा लिहीत बसायला नको.

तिसरी पायरी बंधनांची. एकाच माणसाने देयक तयार करणारा आणि मंजूर करणारा अशा दोन्ही भूमिका घेऊ नयेत, असे प्रणालीलाच सांगून ठेवता येते. गडावरच्या हवालदाराने सबनीस होऊ नये, तसे.

चौथ्या पायरीत उतरंड आणि बंधने दोन्ही एकत्र येतात.

आता आपला हजार घरांचा तक्ता पुन्हा पाहू. शाळेत पाच भूमिका धरल्या तर भूमिका आणि कामे यांचा तक्ता ५ × २५ = १२५ घरांचा होतो. त्यात ४० माणसांच्या ४० जोडण्या मिळवल्या, की १६५. कर्मचारी १०० झाले तर जुन्या पद्धतीने २५०० घरे लागतील, नव्या पद्धतीने २२५. गुणाकाराच्या जागी बहुतांशी बेरीज आली, हे यातले मर्म आहे. बदली झाली तर पंचवीस घरे पुसण्याऐवजी एक ओळ खोडायची. विसरण्यासारखे फारसे उरतच नाही.

२००० साली संधू, फेरायोलो आणि कुन यांनी मिळून एक सामाईक प्रारूप सुचवले आणि २००४ साली ते अमेरिकेचे राष्ट्रीय मानक झाले. शाळेच्या कार्यालयातला जुना नियम अशा रीतीने संगणकाच्या मानकात आला.

अंधेरीतील संघ

हा विषय केवळ निबंधांत राहिला नाही, याचे एक कारण आपल्या अंधेरीत दिसते. अंधेरी पूर्वेला १९७३ साली 'सीप्झ' हे निर्यातक्षेत्र सुरू झाले. नाव सांताक्रूझचे असले तरी जागा अंधेरीची. सुरुवातीला इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी असलेल्या या क्षेत्रात १९७०च्या दशकाच्या अखेरीस टाटा-बरोज या कंपनीने सॉफ्टवेअर निर्यातीचे काम सुरू केले. भारतातील या उद्योगाची ही अगदी सुरुवातीची पावले होत. पुढे सीप्झ आणि लगतच्या मरोळ परिसरात अशा कंपन्यांची दाटी झाली.

या उद्योगात संघ दोन ठिकाणी विभागलेला असतो. काही माणसे ग्राहकाच्या देशात, बाकीची येथे. ग्राहकाची आज्ञावली येथल्या अभियंत्याला दिसली पाहिजे, पण ग्राहकाच्या खातेदारांची माहिती दिसता कामा नये. ग्राहकाला कामाची प्रगती दिसावी, पण कंपनीचा आतला हिशेब दिसू नये. आज आलेला अभियंता सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रकल्पावर जातो. अशा ठिकाणी माणसागणिक कुलुपे लावत बसणे अशक्य होते आणि भूमिका अपरिहार्य ठरतात.

या गरजेतून जगभर प्रकल्पांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणाली निघाल्या. १९९८ साली दोषांच्या नोंदीसाठी बगझिला आली, २००२ साली ऑस्ट्रेलियातून जिरा, २००६ साली रेडमाइन. रेडमाइन मुक्त असल्याने तिची रचना कोणालाही तपासता येते. तिच्यात व्यवस्थापक, विकासक आणि नोंदकर्ता अशा भूमिका तयार मिळतात. शिवाय प्रकल्पाबाहेरचा वापरकर्ता आणि अनामिक पाहुणा यांच्यासाठीही वेगळ्या भूमिका असतात. एकच व्यक्ती एका प्रकल्पात व्यवस्थापक आणि दुसऱ्यात साधी नोंदकर्ती असू शकते. डेकसिस्टम-१० च्या दोन आकड्यांना जे जमत नव्हते, ते येथे सहज जमते. ऑनलाइन वर्गांसाठी अनेक महाविद्यालये वापरतात त्या मूडल प्रणालीतही २००६ पासून अशीच रचना आहे. तिच्यात 'शिक्षक' आणि 'संपादनाचा अधिकार नसलेला शिक्षक' अशा दोन वेगळ्या भूमिका आहेत.

कुलूप चांगले, पण…

येथवरचा इतिहास वाचून प्रश्न सुटला असे वाटेल. तसे नाही. ही व्यवस्था तीन ठिकाणी हमखास फसते.

पहिले ठिकाण साचत जाणाऱ्या भूमिकांचे. परीक्षेपुरता एखाद्याला परीक्षाप्रमुखाचा अधिकार दिला जातो आणि परीक्षा संपल्यावर तो काढायचे राहते. पाच वर्षांनी त्या माणसाकडे जुन्या किल्ल्यांचा मोठा जुडगा जमतो.

दुसरे ठिकाण भूमिकांच्या संख्येचे. प्रत्येक अपवादासाठी नवी भूमिका काढत गेले, की माणसांपेक्षा भूमिका जास्त होतात आणि आपण पुन्हा हजार घरांच्या तक्त्याकडे येतो.

तिसरे ठिकाण सर्वांत साधे आणि सर्वांत घातक. अनेक शाळांत मुख्याध्यापकांचा परवलीचा शब्द लिपिकाला, संगणक शिक्षकाला आणि कधी बाहेरच्या सायबर केंद्राच्या चालकालाही ठाऊक असतो. यामागे बेफिकिरीपेक्षा कामाचा रेटा असतो. मुदत संध्याकाळची असते आणि माहिती एकट्याने भरून होत नाही. पण मग भूमिका कितीही काळजीपूर्वक आखलेल्या असोत, त्या सर्व एकाच नावाखाली गोळा होतात. उद्या एखादी नोंद चुकीची निघाली, तर ती कोणी केली हे प्रणाली सांगू शकत नाही. किंवा सांगते ते एकच नाव, मुख्याध्यापकांचे.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे महाराष्ट्रातील शिक्षकांना वेगळे सांगायला नको. आपले वेतन ज्या शालार्थ प्रणालीतून निघते, तिच्यात शाळेच्या पातळीवर देयक तयार होते आणि वरच्या पातळीवर मंजूर होते. म्हणजे विभागणीचे तत्त्व तेथे आहे. तरीही २०२५ साली नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांच्या आधारे अपात्र व्यक्तींना वेतन दिल्याचे आरोप पुढे आले आणि विशेष तपास पथक नेमावे लागले. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण एवढे मात्र कोणत्याही प्रणालीबाबत खरे आहे, की दोन किल्ल्यांचे कुलूप दोन्ही किल्ल्या एका हातात गेल्या की एका किल्लीचेच होते. गडावरच्या तिघांनी संगनमत केले असते तर बखरीतली योजनाही टिकली नसती.

त्यावर उपाय संगणकाबाहेरचे आहेत, आणि ते आपल्या हातात आहेत. प्रत्येकाला स्वतःच्या नावाने प्रवेश मागून घ्यावा. लिपिकाने करायचे काम लिपिकाच्या भूमिकेतूनच करता यावे, असा आग्रह लेखी धरावा. जून महिन्यात वर्गांची वाटणी होते त्याच दिवशी भूमिकांची यादीही वाचावी आणि संपलेल्या कामांचे अधिकार काढून घ्यावेत. माणूस बदलून गेला, की कपाटाच्या किल्ल्यांबरोबर त्याचा प्रवेशही त्याच दिवशी बंद करावा. प्रभार देण्याघेण्याच्या यादीत ही एक ओळ वाढवणे काही अवघड नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना स्नेहसंमेलन हा प्रकल्प द्यावा. आधी कामांची यादी करायची: कार्यक्रम ठरवणे, वर्गणी गोळा करणे, खर्च करणे, हिशेब लिहिणे, पत्रिका छापणे, फळ्यावर सूचना लिहिणे. मग मुलांची नावे घेऊन पूर्ण तक्ता भरायला सांगावा. घरे मोजून झाली, की चार-पाच भूमिका काढून तोच तक्ता पुन्हा करायला सांगावा आणि दोन्हींची तुलना करावी. त्यानंतर दोन प्रश्न विचारावेत. खजिनदार आजारी पडला तर दोन्ही तक्त्यांत काय काय बदलावे लागेल? आणि कोणत्या दोन भूमिका एकाच मुलाकडे मुळीच देऊ नयेत, आणि का?

दुसऱ्या प्रश्नावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. खर्च करणारा आणि हिशेब तपासणारा एकच असू नये, हे मुले स्वतःहून सांगतात. कोणी तरी हमखास म्हणेल, "पण तो तर माझा मित्र आहे, तो असं करणार नाही." तेव्हा त्या मुलाला इतकेच विचारावे, की पुढच्या वर्षी खजिनदार कोण असेल, हे त्याला आज ठाऊक आहे का?